सहीची जागा

२०१४ च्या फेब्रुवारीत माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) संपलं आणि महिनाअखेरीला आमच्याकडे गारा पडायला लागल्या. मराठवाड्यातल्या माणसाला ती गारपीट वेगळी सांगावी लागत नाही. मार्चचे पहिले दोन आठवडे रोज कुठे ना कुठे झोडपत होतं. आमचा हरभरा काढून शेतातच ढीग घातलेला होता, ज्वारी उभी होती. दोन्ही गेलं. अण्णा दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना मला म्हणाले, "तुझं ते नर्सचं कागद कधी येतंय?"

कागद म्हणजे रजिस्ट्रेशन. परीक्षा पास झाली म्हणजे मुलगी नर्स होत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीत नाव चढावं लागतं, नंबर मिळावा लागतो. त्यासाठी मी आणि माझ्या बॅचची एक मैत्रीण लातूर-मुंबई एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात रात्रभर बसून मुंबईला गेलो. खिडकीवर कळलं की दहावीच्या मार्कशीटवर आईचं नाव एका स्पेलिंगने आहे आणि जीएनएमच्या मार्कशीटवर दुसऱ्या. अॅफिडेव्हिट करून आणा. आईला आपल्या नावाचं स्पेलिंग असतं हेच ठाऊक नव्हतं, पण त्यापायी माझ्या मुंबईच्या दोन खेपा झाल्या. पुढे कधीतरी कागद आला. अण्णांनी तो देवघरात ठेवला, मी तिथून काढून प्लास्टिकच्या फायलीत घातला.

आता नोकरी शोधायची होती. आणि मला वाटत होतं की ती मिळायला काय वेळ लागतोय! साडेतीन वर्षं सरकारी दवाखान्यात राबले होते मी.

हे राबणं नीट सांगितलं पाहिजे. आमची नर्सिंग स्कूल एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाला जोडलेली होती. सकाळी साडेसातला आम्ही वॉर्डात. बेडमेकिंग, स्पंजिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), नाकातून नळी, लघवीची पिशवी, ड्रेसिंग, इंजेक्शनं. पावसाळ्यात तापाच्या पेशंटना जमिनीवर गाद्या घालाव्या लागायच्या, तेव्हा वॉर्डात एक स्टाफ सिस्टर आणि आम्ही दोघी-तिघी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात साध्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डला पाच पेशंटमागे एक नर्स, असं आहे. तिसऱ्या वर्षी परीक्षेत हा प्रश्न आला, मी उत्तर लिहिलं, मार्क मिळवले आणि त्याच रात्री ड्युटीवर जाऊन शेहेचाळीस पेशंट मोजले.

आम्ही सगळं करायचो. फक्त सही करायचो नाही. औषधाच्या तक्त्यावर उजव्या बाजूला एक बारकी चौकट असते, ज्याने दिलं त्याच्या सहीची. इंजेक्शन मी द्यायची, वेळ मी लिहायची, आणि राउंड संपला की सिस्टर खुर्चीत बसून एका दमात चाळीस सह्या ओढायच्या. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, उलट सुटल्यासारखं वाटायचं. चुकलं तर सिस्टर आहेत. एकदा मी त्यांना विचारलंही, "सिस्टर, तुम्ही बघितलं नाही आणि सही कशी करता?" त्या म्हणाल्या, "बघत बसले तर सही कधी करू?" त्यांची ती सलग तिसरी नाइट होती. मी पुढे काही विचारलं नाही.

प्रसूतीच्या वॉर्डात तर केसबुकात वीस डिलिव्हऱ्या भराव्या लागायच्या. रात्री तीनला डॉक्टर येईपर्यंत बाळ हातात आलेलं असायचं. माझ्या पहिल्या बाळाचं डोकं दिसलं तेव्हा मागे उभ्या असलेल्या मावशी (दवाखान्यात आया म्हणत नाहीत, मावशीच म्हणतात) हळूच म्हणाल्या, "ओढू नको, येऊ दे." त्या मावशींची सही तर कुठल्याच कागदावर नसते.

तर एवढं सगळं करून आलेल्या मुलीने पेपरातल्या छोट्या जाहिराती बघायला सुरुवात केली, आणि प्रत्येक जाहिरातीत एकच शब्द: अनुभव. 'स्टाफ नर्स पाहिजेत, आयसीयूचा दोन वर्षांचा अनुभव आवश्यक.' 'अनुभवी उमेदवारांनीच संपर्क साधावा.' एका जाहिरातीत तर सरळ होतं, 'फ्रेशर्सनी फोन करू नये.' मी केला. पलीकडच्या बाईने विचारलं, "अनुभव?" मी म्हटलं, "साडेतीन वर्षं सिव्हिलला..." ती म्हणाली, "ते ट्रेनिंग. नोकरीचा सांगा." मी म्हटलं, "नाही." फोन ठेवला गेला.

तो फोन माझ्या अजून डोक्यात आहे. रात्री तीनला वॉर्ड चालवायचा असतो तेव्हा शिकाऊ मुलगी म्हणजे पूर्ण हात धरली जाते. तीच मुलगी पगार मागायला आली की तिने केलेलं सगळं 'ट्रेनिंग' होऊन जातं, अनुभवाच्या रकान्यात शून्य. ट्रेनिंग जर खरंच ट्रेनिंग असेल तर आमच्याशिवाय वॉर्ड चालला पाहिजे होता. तो चालत नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मेमध्ये अण्णा मला आमच्या तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. दहा खाटांचा दवाखाना, खाली मेडिकल, वर डॉक्टरांचं घर. मला लहानपणी गोवर आली तेव्हा ह्यांनीच बघितलं होतं. गारपिटीनंतर त्यांनी दोन महिने कितीतरी लोकांकडून फी घेतली नव्हती. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगून ठेवते.

त्यांनी माझा कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "छान झालं. पण तू इथं कशाला हाल काढतीस? इथं शिकायला काही नाही. तू पुण्याला जा, मोठ्या हॉस्पिटलात लाग. मला ह्याची झेरॉक्स दे आणि दोन फॉर्मवर सह्या कर. दर महिन्याला दोन हजार अण्णांच्या हातात पोचतील."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. खासगी दवाखाना चालवायचा तर १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी लागते, आणि त्या नोंदणीला रजिस्टर्ड नर्स दाखवावी लागते. त्यांच्याकडे तीन मुली होत्या, दोघी बारावी, एक दहावी नापास, तिघींचं काम चांगलं. पण नंबर एकीलाही नव्हता. माझं नाव भिंतीवर, माझा नंबर फायलीत, आणि मी पुण्यात.

"कायद्याला नर्स लागते," डॉक्टर म्हणाले, "आणि शिकलेली नर्स इथं चार-पाच हजारांत राहत नाही. जास्त द्यायचे तर मी पेशंटकडून किती घेऊ? तूच सांग." ह्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही पूर्ण नाही. मी "विचार करून सांगते" म्हटलं.

रात्री घरी हिशोब सुरू झाला. वर्षाचे चोवीस हजार. त्या वर्षी रानातून तेवढे येणार नव्हते. अण्णा म्हणाले, "घरबसल्या मिळतेत. तुझं काय जातंय त्यात?" मी गप्प होते, कारण मलाही नेमकं काय जातंय ते सांगता येईना. खोटं आहे हे कळत होतं, पण गारपिटीच्या वर्षात नुसतं 'खोटं आहे' हे फार हलकं कारण वाटतं.

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "गटाच्या कर्जाला मी अंगठा दिला हुता. पैसं कुणी नेलं? आन् फेडलं कुणी?"

अण्णा काही बोलले नाहीत. ते कर्ज आम्ही तीन वर्षं फेडलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात मी पुण्याच्या एसटीत बसले.

हडपसरला एका फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर राहिले. एका खोलीत पाच कॉट, महिना अठराशे, डबा वेगळा. पाचातल्या तिघी माझ्यासारख्याच फायली घेऊन फिरणाऱ्या. सकाळी एकच इस्त्री फिरायची. कुठे वॉक-इन आहे हे एकीला कळलं की ती बाकीच्यांना सांगायची, एकीने मात्र कधी सांगितलं नाही आणि तिला सगळ्यात आधी नोकरी लागली. पीएमपीचा पास काढून मी सतरा दिवसांत अकरा हॉस्पिटलं केली. बहुतेक ठिकाणी रिसेप्शनच्या पुढे जाताच आलं नाही. रिसेप्शनवरची मुलगी फोन उचलून आत सांगायची, "मॅडम, फ्रेशर आहे," आणि त्या 'फ्रेशर'चा उच्चार असा असायचा की मला आपला ड्रेस मळलाय की काय वाटायचं. एका ठिकाणी म्हणाले, सहा महिने बिनपगारी करा, शेवटी एक्सपीरियन्स सर्टिफिकेट देऊ. म्हणजे अनुभव विकत घ्यायचा, सहा महिन्यांच्या कष्टाने! आणि गंमत म्हणजे त्या जागेला रांग होती.

बाराव्या ठिकाणी मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सच्या प्रमुख, स्वतः बसल्या होत्या. केरळच्या, पन्नाशीच्या पुढच्या, तीस वर्षं पुण्यात. त्यांचं मराठी स्वच्छ होतं, फक्त 'ळ' आमच्यापेक्षा जड. त्यांनी माझी फाइल उघडलीच नाही. विचारलं, "पाचशे एमएल सलाइन, आठ तासांत संपवायचं. मिनिटाला किती थेंब?"

मी म्हटलं, "मॅडम, सेट कितीचा?"

त्यांनी मान वर केली. आयव्ही सेट सगळे सारखे नसतात. कुठे एक एमएलला पंधरा थेंब पडतात, कुठे वीस, मायक्रोला साठ. पुस्तकात आकडा दिलेला असतो, वॉर्डात पाकिटावर वाचावा लागतो. सिव्हिलला एकाच कपाटात दोन कंपन्यांचे सेट यायचे, म्हणून सवय.

"वीसचा," त्या म्हणाल्या.

"एकवीस."

"डॉक्टरांनी केसीएल लिहिलंय. तुम्ही आधी काय कराल?"

ह्याचं पुस्तकी उत्तर सगळ्यांना पाठ असतं: पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत द्यायचं नाही, सलाइनमध्ये मिसळून हळू द्यायचं, थेट दिलं तर हृदय थांबतं. पण त्यांनी 'आधी' विचारलं होतं. मी म्हटलं, "लघवी होतेय का बघीन." लघवी होत नसलेल्या माणसाच्या अंगात पोटॅशियम साठत जातं. हे मला शिकवलं होतं एका रात्री सिव्हिलच्या त्याच सिस्टरनी, चाळीस सह्या एका दमात ओढणाऱ्या. सलाइनच्या बाटलीत अँप्यूल टाकायला निघाले तर ओरडल्या होत्या, "पिशवी बघ आधी! किती भरलीय?"

मेट्रन मॅडमनी फाइल तेव्हा उघडली. "अनुभव नाही," त्या म्हणाल्या, स्वतःशीच. मग कागदावर काहीतरी लिहिलं. नऊ हजार पगार, एक वर्षाचा बाँड, ओरिजिनल कागद ऑफिसात जमा.

ओरिजिनल देताना पोटात गोळा आला. देवघरातून काढलेला तो कागद एका कपाटात गेला आणि मला एक पोचपावतीसुद्धा मिळाली नाही. चौदा महिन्यांनी परत मिळाला, तोही तीन चकरा मारल्यावर. तेव्हा सगळीकडे अशीच रीत होती. ज्या कागदाशिवाय तुम्ही दुसरीकडे जाऊ शकत नाही तोच ठेवून घ्यायचा, मग पगार कितीही असो, मुलगी टिकते.

पहिले पंधरा दिवस ओरिएंटेशन. मग मेल मेडिकल वॉर्ड, सकाळ आठ ते दोन, दुपार दोन ते आठ, रात्र आठ ते आठ. पहिल्या दिवशी इन्चार्ज सिस्टरनी मला सगळ्या वॉर्डात फिरवलं, क्रॅश कार्टचा (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीचा) प्रत्येक कप्पा उघडून दाखवला, आणि शेवटी चार नंबरच्या आजोबांना सकाळचं अँटिबायोटिक द्यायला लावलं. दिलं. मग त्यांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला. मी सवयीने बाजूला झाले, त्या बसतील म्हणून.

"मी कशाला?" त्या म्हणाल्या. "दिलं कुणी?"

मी पेन घेतलं आणि त्या बारक्या चौकटीत नावाची दोन अक्षरं केली.

"हे काय? पूर्ण नाव. उद्या काही झालं तर ही दोन अक्षरं कुणाची म्हणून गावभर शोधायचं?"

चौकट एवढीशी, माझं आडनाव लांबलचक. अर्धं चौकटीबाहेर गेलं. हात थरथरत होता हे लपवायला मी पेन झटकलं. साडेतीन वर्षांत शेकडो इंजेक्शनं दिली होती आणि कधी हात हलला नव्हता. इंजेक्शन देऊन झाल्यावर हात हलायला लागला, ही पहिलीच वेळ.

इन्चार्ज सिस्टरनी तेव्हा दोन वाक्यं सांगितली. दुसऱ्याने भरलेलं आपण द्यायचं नाही. आपण न दिलेल्याची सही करायची नाही. असलं सगळ्याच जणी सांगतात. पहिल्या महिन्यात आपण ऐकतो आणि तिसऱ्या महिन्यात कामाच्या रेट्यात विसरतो. मला विसरायला वेळ मिळाला नाही, कारण दुसऱ्याच महिन्यात इन्सुलिनचं झालं.

संध्याकाळची ड्युटी होती. माझ्यासोबतची सीनियर सकाळपासूनच होती, डबल करत होती, कारण एक जण न सांगता आली नव्हती. रात्रीच्या जेवणाआधीची इन्सुलिनं द्यायची वेळ. अकरा नंबरच्या काकांना वीस युनिट. सीनियरने सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाली, "अकराला देऊन ये गं, सही तूच कर, मी कॅज्युअल्टीचा पेशंट घेते."

मी सिरिंज उचलली. लाल टोपीची, वीसच्या रेघेपर्यंत बरोबर भरलेली. काहीच चुकीचं दिसत नव्हतं. मला शंकाही आली नव्हती, हे खरं सांगते. मी फक्त घाबरलेली होते, आणि घाबरलेल्या माणसासारखी विचारत सुटले, "सिस्टर, व्हायल कुठली वापरली?"

"त्यांचीच आहे, टेबलावर."

टेबलावर व्हायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, नव्हती, बारीक काचेची नळी होती. इन्सुलिन पेनची कार्ट्रिज. काकांच्या घरच्यांनी घरून येताना पेन विसरून नुसती कार्ट्रिज आणली होती, आणि सीनियरने घाईत त्यातूनच सिरिंज भरली होती.

ज्यांचा इन्सुलिनशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक चाळीसचं असतं, म्हणजे एका एमएलमध्ये चाळीस युनिट, आणि लाल टोपीची सिरिंज त्याच हिशोबाने आखलेली असते. पेनच्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन शंभरचं. त्याला नारिंगी टोपीची सिरिंज वेगळी. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरलं की अर्धा एमएल होतो. अर्धा एमएल चाळीसचं म्हणजे वीस युनिट. तोच अर्धा एमएल शंभरचं म्हणजे पन्नास.

मी हातात सिरिंज धरून उभी राहिले आणि मनात तीन वेळा तोच गुणाकार केला, कारण मला वाटत होतं की चुकत मीच असणार. ती सहा वर्षांची सीनियर, मी दोन महिन्यांची. शेवटी म्हटलं, "सिस्टर, हे मी देणार नाही."

ती भडकली. "मग राहू दे काकांना तसंच! तुला काय माझ्यावर भरवसा नाही?" मी कार्ट्रिज तिच्यापुढे धरली, बोट आकड्यावर. तिने वाचलं. काही क्षण वॉर्डात फक्त बाराव्या खाटेवरच्या पंख्याचा आवाज. मग तिने माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली, शार्प्सच्या डब्यात टाकली, वॉर्डच्या फ्रिजमधून बाटली काढली, नवीन सिरिंज फोडली आणि माझ्यासमोर धरली. "तू भर. मी बघते."

काकांना काही कळलं नाही. "आज उशीर झाला का पोरी?" एवढंच म्हणाले. त्या चौकटीत मी पूर्ण नावाची सही केली. सीनियर रात्री आठला हँडओव्हर देऊन गेली, जाताना माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच इन्चार्जना जाऊन सांगितलं. हे करायला मला तरी जमलं असतं का, माहीत नाही. दहा तास उभ्या असलेल्या बाईचे डोळे कार्ट्रिजवरचा आकडा वाचत नाहीत, एवढंच मी त्या दिवशी शिकले. आणि माझा वाचला तो हुशारीने नव्हे, माझी ड्युटी लागून चारच तास झाले होते म्हणून.

२०१६ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने खासगी दवाखान्यांतल्या नर्सच्या पगाराचा प्रश्न ऐकून केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने सुचवलं, पन्नास खाटांहून लहान दवाखाना असला तरी महिना २०,००० रुपयांच्या खाली नको. दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. आमच्या चेंजिंग रूममध्ये तो व्हॉट्सअॅपचा मेसेज सगळ्यांनी सगळ्यांना पाठवला. त्या महिन्यात माझ्या खात्यात साडेदहा हजार जमा झाले होते. एकीने 'शिफारस' ह्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "ह्याचा अर्थ द्यावंच लागणार का?" आम्ही सगळ्या हसलो. त्या रात्री आठ जणी कमी होत्या ड्युटीवर.

मी नंतर दोन हॉस्पिटलं बदलली, आता एका वॉर्डची इन्चार्ज आहे. कधी कधी इंटरव्ह्यूला बसवतात. समोर फाइल छातीशी धरून मुली येतात आणि एचआरचा मुलगा विचारतो, "एक्सपीरियन्स?" मुलगी म्हणते, "नाही." मी मध्ये बोलते, "ट्रेनिंगला रात्री वॉर्डात किती जणी असायचात?" मग मुली खरं सांगायला लागतात. दरवेळी जागा मिळतेच असं नाही. पण कुणाला 'नाही' सांगायचं झालं तर ते निदान काहीतरी ऐकून सांगता येतं.

गेल्या पावसाळ्यात आईला जुलाब-उलट्या झाल्या. मी पोचेपर्यंत अण्णांनी तिला तालुक्याच्या त्याच दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर आता म्हातारे झालेत, मुलगा बघतो. मी गेले तेव्हा साधारण वीस वर्षांची एक मुलगी आईला सलाइन लावत होती. आईच्या शिरा म्हणजे वाळलेला दोरा, मोठमोठ्या दवाखान्यांत दोन-दोन वेळा टोचून झालेलं आहे. ह्या मुलीने मनगटाच्या वर बोटाने चाचपलं, निळी सुई घेतली, पहिल्या झटक्यात रक्त आलं. टेप लावली, क्लँप सोडला, घड्याळ बघत थेंब मोजले.

भिंतीवर फ्रेम होती. पेशंटच्या हक्कांची सनद, दरपत्रक, आणि खाली डॉक्टर व परिचारिकांची नावं नंबरसह. परिचारिका एक होती.

"तू हीच का?" मी नावाकडे बोट करून विचारलं.

"न्हाई ताई, त्या पुण्याला असत्यात." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही बी नर्स हायेत न्हवं? काकू सांगत हुत्या. बारावी झालीय माझी. फारम कधी निघत्यात?"

मी तिला सांगितलं, कुठे बघायचं, कुठले कागद लागतील, दाखल्यांवर आईच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एक आहे ना ते आधी तपास. ती ऐकत ऐकत काम करत होती. चिकटपट्टीचा एक तुकडा फाडून तिने बाटलीवर लावला आणि पेनाने तारीख लिहिली, सुरू केल्याची वेळ लिहिली, थेंब लिहिले. अक्षर गोल, शाळेतलं.

"खाली नाव पण लिही," मी म्हटलं.

तिने पेन तसंच धरून माझ्याकडे बघितलं.

"कुणाचं?"